शेवटी म्हणजे नेमकं केव्हा?



मागच्या खेपेला आपण इंग्रजी पत्राची आणि भाषणाची सुरुवात कशी करायची ते पाहिलं. आज शेवटाबद्दल बोलू या. सुरुवात तशी सोपी असते हो. पाहुण्यांकडे गेलो, की आत शिरायला कितीसा वेळ लागतो? निघताना मात्र "येतो हं", "या हं", "अहो, चहा तरी" असं करत दारातच अर्धा तास जातो. भाषेचंही तसंच आहे. बोलायला लागणं जमतं, पण थांबायचं कसं, हे भल्याभल्यांना जमत नाही. आपल्याकडे "मी तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे" म्हणून उभा राहिलेला वक्ता दोन हजार शब्द झाले तरी खाली बसत नाही, हे तुम्ही दर पंधरा ऑगस्टला पाहता की नाही?

पण आधी माझी एक फजिती सांगते. आईबाबांनो, तुम्हीही वाचत असाल तर हसू नका. तुमच्याही हातून ही चूक झालेली असणार, पैज लावा!

आमची शाळा खेड्यातली, सातवीपर्यंतची. मी चौथीला शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमचे मुख्याध्यापक सर निवृत्त झाले. निरोप समारंभ ठरला. गावकरी येणार, केंद्रप्रमुख येणार. माझ्या मनात आलं, आपल्या वर्गातल्या मुलीनं इंग्रजीत भाषण केलं तर काय बहार येईल! वर्गातली एक चुणचुणीत मुलगी निवडली. भाषण मीच लिहून दिलं. आता इंग्रजी भाषण लिहायची माझी रीत कशी, तर आधी मनात मराठी वाक्य जुळवायचं आणि मग एकेक शब्द उचलून त्या जागी इंग्रजी शब्द ठेवायचा. मराठीत माझ्या मनात होतं, "शेवटी आज आमचे सर निवृत्त होत आहेत. शेवटी मी त्यांचे आभार मानते. माझं भाषण संपलं." शेवटी म्हणजे 'ॲट लास्ट', हे मला शाळेपासून पाठ. मग काय, कागदावर उतरलं, "ॲट लास्ट अवर सर इज रिटायरिंग टुडे. ॲट लास्ट आय थँक हिम. आय ॲम फिनिश्ड."

पोरीनं आठ दिवस घोकलं. समारंभात अगदी खणखणीत आवाजात म्हणाली. 'ॲट लास्ट'वर तर असा जोर दिला, की मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टाळ्याही पडल्या. केंद्रप्रमुख मात्र मिशीतल्या मिशीत हसत होते. मला वाटलं, कौतुकानं हसताहेत.

संध्याकाळी सर ऑफिसात कपाटातली पुस्तकं पिशवीत भरत होते. मला म्हणाले, "बाई, 'ॲट लास्ट' म्हणजे काय हो?"

"शेवटी."

"बरं. आणि 'एकदाचा'ला इंग्रजीत काय म्हणायचं?"

मी गप्प.

"हे बघा," सर म्हणाले, "मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. पेरण्या खोळंबल्या. आणि मग एक दिवस धो धो आला. आपण काय म्हणतो? एकदाचा आला! तो 'ॲट लास्ट'. वाट बघून बघून डोळे शिणले, की मग म्हणायचा तो शब्द."

मी उभ्या जागी माझं भाषण परत मराठीत फिरवलं. "एकदाचे आमचे सर आज निवृत्त होत आहेत! एकदाचे मी त्यांचे आभार मानते! मी खलास झाले."

माझा चेहरा बघून सर इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "एवढी वर्षं नोकरी झाली," ते म्हणाले, "पण इतकं खरं बोलणारं भाषण पहिल्यांदाच ऐकलं!"

ते हसले म्हणून माझं निभावलं. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली ती रडवेल्या तोंडानं. तिचा मोठा भाऊ हायस्कूलला जातो. त्यानं घरी सांगितलं होतं, "तू सगळ्या गावासमोर सरांचा अपमान केलास." ती मला म्हणाली, "बाई, खरंच केला का मी?" आठ दिवस घोकलेलं भाषण, नवीन रिबिनी, टाळ्या, आणि सगळ्याचं हे असं झालं. बाईंना आपली चूक वर्गासमोर सांगणं सोपं नसतं बरं का. पण सांगितली. म्हटलं, चूक हिची नाही, लिहून देणारीची आहे. आणि फळ्याच्या मधोमध मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शेवटी'.

तिथून आमचा जो तास सुरू झाला, तो मधली सुट्टी खाऊन पुढे गेला.

गंमत अशी आहे, की आपला 'शेवटी' हा एकटा गडी पाच माणसांची कामं करतो. इंग्रजीत त्या पाच कामांना पाच वेगळे शब्द आहेत. एकाचा सदरा दुसऱ्याला चढवला, की आमच्यासारखी फजिती होते. 'ॲट लास्ट' तर तुम्हाला आता कळलाच. दुसरं काम यादीतल्या शेवटच्या गोष्टीचं. पहिल्यांदा पाहुण्यांचे आभार, मग गावकऱ्यांचे, आणि शेवटी मंडपवाल्यांचे. इथे कुणी कुणाची वाट बघत बसलेलं नाही, फक्त क्रमांक शेवटचा आहे. इथे 'लास्टली' किंवा 'फायनली' म्हणायचं. माझ्या भाषणातल्या दुसऱ्या वाक्यात खरं तर हाच शब्द हवा होता. (पहिल्या वाक्यात कुठलाच नको होता! "आज आमचे सर निवृत्त होत आहेत" एवढं पुरे होतं. आपण मराठीतही उगाच 'शेवटी' घुसडतो.)

तिसरं काम जरा मजेचं. दोन भावांचं भांडण झालं, अबोला धरला, आईनं समजावलं, आजीनं दटावलं, आणि शेवटी दोघं एकाच ताटात जेवायला बसले. इतकं सगळं होऊन निष्पन्न काय झालं, ते सांगायचंय. त्याला 'इन द एंड'. आपण 'अखेर' किंवा 'सरतेशेवटी' म्हणतो ना, तेच.

पण 'इन'च्या जागी 'ॲट' आला, की अर्थ पार बदलतो. गल्लीच्या शेवटी पिठाची गिरणी आहे, महिन्याच्या शेवटी परीक्षा आहे. हा 'ॲट द एंड'. तो जागा दाखवतो किंवा वेळ दाखवतो. त्याच्या मागे सहसा 'ऑफ' शेपटासारखा येतोच. कशाच्या शेवटी? गल्लीच्या. महिन्याच्या.

पाचवं काम मात्र माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीबाहेरची माकडं मोजत असतो, तो म्हणाला, "बाई, माझी आई मला मारते आणि मग स्वतःच रडते. तेव्हा आजी म्हणते, शेवटी आईच ती! हा शेवटी कुठला?" बघा, आहे की नाही प्रश्न! इथे शेवटही नाही आणि रांगही नाही. काही झालं तरी खरी गोष्ट ती हीच, असं सांगायचंय. त्याला इंग्रजीत 'आफ्टर ऑल' म्हणतात. त्या दिवशीचं बक्षीस त्याला मिळालं. खडूचा अख्खा डबा सांभाळायचा मान.

आता राहिलं ते 'आय ॲम फिनिश्ड'. तसे इंग्रजी बोलणारे लोक घरात "माझं झालं" या अर्थी असंही म्हणतात. पण त्याच शब्दांचा "मी संपलो, माझं दिवाळं निघालं" असाही अर्थ होतो. म्हणून काम झालं असेल तर 'आय हॅव फिनिश्ड' म्हणणं बरं. आणि तुम्ही जे "टीचर, माय होमवर्क फिनिश" म्हणता ना, ते तेवढं सोडा. भाषणाच्या शेवटी तर यातलं काहीच लागत नाही. 'थँक यू' म्हणून खाली बसलात, की लोकांना कळतं संपलं म्हणून. "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" याचंच भाषांतर करायची हौस असेल, तर 'आय कन्क्लूड' म्हणा.

या 'कन्क्लूड'च्या पोटात एक दार आहे. लॅटिन भाषेत 'क्लाउदेरे' म्हणजे बंद करणे. दार लावून कुणाला आत घेतलं की 'इन्क्लूड', बाहेर ठेवलं की 'एक्स्क्लूड', आणि सगळंच बंद केलं की 'कन्क्लूड'. आपला रोजचा 'क्लोज'ही त्याच घरातला. 'फिनिश'चा आजोबाही लॅटिनच. 'फिनिस' म्हणजे शेवट, आणि सीमासुद्धा. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या अखेरच्या पानावर हा 'फिनिस' छापलेला असायचा. सीमा म्हटल्यावर काही आठवलं का? आपल्या जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' लिहीत! शिवरायांच्या पत्रांच्या अखेरीस तर 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उमटवलेली असे. पत्राची हद्द इथे संपली, यापुढे कुणी एक अक्षर घुसडायचं नाही! कुठे रोम आणि कुठे रायगड, पण शेवट म्हणजे हद्द, हे दोघांनाही सुचलं.

या 'फिनिस'चं गोत फार मोठं आहे. वाचनालयाचं पुस्तक उशिरा दिलं की तुम्ही 'फाइन' भरता, तो त्यातलाच. पैसे भरले की प्रकरण मिटलं, संपलं, म्हणून 'फाइन'. "हाऊ आर यू?" विचारल्यावर आपण म्हणतो तो 'फाइन'सुद्धा त्याच कुळातला, अगदी टोकाला पोचलेलं उत्तम ते 'फाइन'. आणि बाबा ज्या 'फायनान्स'च्या हप्त्यांवरून डोक्याला हात लावतात, तोही. मूळ अर्थ देणं चुकतं करून संपवणं. (बाबांना विचारा, संपलं का ते!)

आता शेवट करायचा म्हणजे नुसतं थांबायचं असंही नाही. कधी कधी सांगितलेलं सगळं आवरून, एका गाठोड्यात बांधून समोरच्याच्या हातात द्यायचं असतं. तुमच्या मराठीच्या पेपरात सारांश लिहायला सांगतात ना, तो. इंग्रजीत त्यासाठी म्हणतात 'टू सम अप'. यातला 'सम' म्हणजे बेरीज, तुमच्या गणिताच्या वहीतली. आपणही म्हणतोच की 'गोळाबेरीज'.

पण हा शब्द आला कुठून माहीत आहे? लॅटिन 'सुम्मा' म्हणजे सगळ्यात वरची. वरची कशी? बेरीज तर रेघ मारून खाली लिहितात! पण रोमन लोक आकड्यांची उभी रांग खालून वर मोजत जात आणि उत्तर सगळ्यात वर लिहीत. म्हणून बेरजेचं नावच पडलं 'वरची'. डोंगराच्या शिखराला 'समिट' म्हणतात, तोही याचाच सख्खा भाऊ. आज आपण उत्तर खाली लिहितो, आणि त्यातूनही इंग्रजीत एक शब्दप्रयोग निघालाच, 'बॉटम लाइन'. दुकानदाराच्या हिशेबाच्या वहीत पानाच्या तळाशी शेवटची ओळ असते. नफा की तोटा, ते तिथे दिसतं. बाकी सगळं पान वाचायला वेळ नसेल तर ती एक ओळ बघायची. तेव्हा कुणी 'बॉटम लाइन' सांगितली, तर समजायचं, मुद्द्याची गोष्ट सांगतोय. एक नाव वरून आलं, एक खालून, काम मात्र सारखंच.

थोडक्यात सांगायचं तर 'इन शॉर्ट' आणि 'इन ब्रीफ' आहेतच. पण मला आवडतो तो 'इन अ नटशेल'. हा नट नाटकातला नव्हे आणि बोल्टच्या जोडीचाही नव्हे. हा अक्रोडासारखा, टणक कवचाचा. इसवी सन ७७च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं आपल्या मोठ्या ग्रंथात एक नवल लिहून ठेवलंय. होमरचं 'इलियड' हे ग्रीक महाकाव्य कुणीतरी चर्मपत्रावर इतक्या बारीक अक्षरांत उतरवलं होतं, की ते सगळं एका कवचात मावलं! इलियडच्या ओळी पंधरा हजारांच्या वर आहेत बरं का. खरं-खोटं प्लिनीला ठाऊक. त्यानंही ते सिसेरोच्या हवाल्यानं सांगितलंय. पण 'इन अ नटशेल' म्हणायचं असेल, तर मावेल एवढंच बोलायचं. "इन अ नटशेल" म्हणून पुन्हा दहा मिनिटं बोलणारे पाहुणे मी ऐकलेत!

हे कवचात मावणं आमच्या आजोबांच्या पिढीला तारेनं शिकवलं. तुमच्यापैकी कुणी तार पाहिली नसेल. आपल्याकडे १८५४ साली ती सर्वांसाठी खुली झाली आणि जुलै २०१३मध्ये बंद झाली. तारेत शब्दांवर पैसे पडत. त्यामुळे एकेक शब्द पारखून घ्यायचा. आणि इंग्रजी तारेत वाक्य संपलं, हे कळावं म्हणून 'स्टॉप' असा शब्दच लिहीत. इवलासा ठिपका वाटेत हरवायला नको ना! आम्ही वर्गात ससा-कासवाच्या गोष्टीची तार करायची ठरवलं. सगळ्यात स्वस्त तार अशी निघाली, "हेअर स्लेप्ट स्टॉप टॉर्टॉइज वन स्टॉप." लगेच एकानं विचारलं, "बाई, एकच कासव होतं, ते कशाला सांगायचं?" हा 'वन' एकाचा नव्हे रे, जिंकल्याचा!

बिनतारी संदेशवाल्यांची तर आणखी तऱ्हा. पोलिसकाकांच्या वॉकीटॉकीवर 'ओव्हर' ऐकलंय? त्याचा अर्थ, "माझं बोलणं झालं, आता तू बोल." आणि 'आउट' म्हणजे "संपलं, आता कुणी बोलायचं नाही." सिनेमातला हिरो ऐटीत "ओव्हर अँड आउट" म्हणतो, तो खरं तर म्हणतो, "तू बोल आणि बोलू नकोस." क्रिकेटमध्येही 'ओव्हर' संपली, तरी खेळ संपत नाही, चेंडू पलीकडच्या टोकाला जातो. दिवसाचा खेळ खरोखर थांबवायचा तर पंच 'टाइम' म्हणतात आणि बेल्स काढून घेतात.

हो, आणि एक सांगायचं राहिलंच. यादीतलं शेवटचं नाव घेताना तुम्ही म्हणता ना, "लास्ट बट नॉट द लिस्ट"? ते 'लिस्ट' नाही हो, 'लीस्ट'! लिस्ट म्हणजे यादी. "शेवटचा, पण यादी नव्हे" याला काय अर्थ? लीस्ट म्हणजे सगळ्यात कमी. शेवटी नाव घेतलं म्हणून कमी लेखू नका, एवढंच त्याचं म्हणणं. एक ईकार दीर्घ केलात की झालं.

शेवटाचे शब्द जपून वापरावे लागतात, ते आपल्या आज्या जाणतात. घरातले तांदूळ संपले, तरी आजी 'संपले' म्हणत नाही, 'वाढले' म्हणते. बांगडी फुटली तरी 'वाढली'. आणि कुणी "जातो" म्हटलं तर तिथल्या तिथे टोकते, "जातो नाही, येतो म्हण!" इंग्रजांच्या 'गुडबाय'चंही मूळ "देव तुमच्यासोबत असो" असंच आहे. फोनवर आपण "ठेवते हं" म्हणतो. आता मोबाइलला ठेवायला जागाच नाही, तरी ठेवतोच. इंग्रजीत 'हँग अप' म्हणतात, कारण जुन्या फोनचा रिसीव्हर आकड्याला अडकवायचे. तो आकडा केव्हाच गेला.

त्या मुलीचं काय झालं, विचाराल. तिच्या मनातून काही ते जाईना. मग आम्ही ठरवलं, सरांना पत्र लिहायचं. सर आता त्यांच्या गावी असतात. पोस्टकार्ड आणलं. यावेळी मी काही लिहून दिलं नाही. तिनंच शब्दकोश घेऊन, तीनदा पाटीवर खोडून, मग कार्डावर उतरवलं. तुम्ही आम्हाला पाढे शिकवलेत. तुम्ही आम्हाला आंब्याच्या झाडावर चढू दिलंत. आणि 'लास्टली' लिहून पुढे, माझ्या भाषणाबद्दल माफ करा. कार्डावर जागाच उरली नाही, म्हणून नाव पत्त्याच्या बाजूला, उभं, बारीक अक्षरात. अगदी नटशेलमध्ये!

उत्तर काही लवकर आलं नाही. दिवाळीची सुट्टी आली आणि गेली. ती रोज पोस्टमनकाकांना विचारायची. मग डिसेंबरात एक कार्ड आलं. सरांचं वळणदार अक्षर. ते मुलीकडे गेले होते, त्यामुळे तिचं पत्र त्यांच्या हातात उशिरा पडलं होतं. कार्डावर पहिलीच ओळ होती, "ॲट लास्ट, युवर लेटर हॅज कम!"

तिनं ती ओळ वर्गात मोठ्यानं वाचली. 'ॲट लास्ट'वर तेवढाच जोर देऊन. मागच्या बाकावरून तो माकडंवाला ओरडला, "एकदाचं!"

आता तुमची पाळी. खाली पाच वाक्यं आहेत. प्रत्येकातला 'शेवटी' वेगळा आहे. कुठल्या वाक्यात कुठला इंग्रजी शब्द बसेल, ते वहीत लिहा. आईबाबांनाही सोडवायला द्या, पण आधी तुमचं झाकून ठेवा. उत्तरं पुढच्या अंकात.

१. फाट्यावर दोन तास ताटकळलो आणि शेवटी एस.टी. आली.
२. ओळीच्या शेवटी उभा आहे तो माझा भाऊ.
३. ओरडले तरी शेवटी बाबाच ना ते!
४. कुणी म्हणे किल्ला, कुणी म्हणे समुद्र. खूप वादावादी झाली आणि शेवटी सहल धरणावर गेली.
५. मी पाहुण्यांचे, पालकांचे आणि शेवटी खाऊ वाटणाऱ्या मावशींचे आभार मानतो.